डॉ. इसिडोर आयझॅक राबी : अणुकेंद्रास प्रश्न विचारणारा शास्त्रज्ञ

आमच्या सावनेर तालुक्यात खाप्याजवळ गुमगाव येथे मँगनीजची खाण आहे, हे येथील लहान मुलासही ठाऊक असते. जमिनीतून निघालेला तो काळा, जड दगड चांगल्या प्रतीचा की हलक्या प्रतीचा, हे ठरवावयाचे तर त्याचा नमुना फोडतात, कुटून त्याची भुकटी करतात, ती अम्लात विरघळवितात आणि मग त्यात मँगनीज किती व लोह किती याचा हिशेब मांडतात. पदार्थाची परीक्षा करण्याची ही रीत जुनी आणि भरवशाची आहे. परंतु तिच्यात एक उणीव आहे. परीक्षा पुरी होते तेव्हा परीक्षेस घेतलेला नमुना उरलेला नसतो. दगडाच्या बाबतीत याचे कोणास दुःख होणार नाही. पण परीक्षा करावयाची वस्तू पेरणीसाठी राखलेला दाणा असेल, किंवा जिवंत माणसाचा मेंदू असेल, तर काय करावे?

वस्तू न फोडता, न कापता, न जाळता तिच्या अंतरंगाची विचारपूस करण्याची जी एक विद्या विसाव्या शतकात उदयास आली, तिला चुंबकीय अनुस्पंदन असे म्हणतात. नागपूरच्या रुग्णालयांत बोगद्यासारख्या यंत्रात रोग्यास निजवून एम. आर. आय. नावाची जी तपासणी करतात, ती याच विद्येचे अपत्य होय. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरची वडीलधारी माणसे त्या यंत्रातून जाऊन आली असतील; परंतु ज्याच्या जिज्ञासेतून या विद्येचा आरंभ झाला, त्याचे नाव त्यांपैकी थोड्यांनीच ऐकले असेल. ते नाव डॉ. इसिडोर आयझॅक राबी. त्यांचे चरित्र विद्यार्थ्यांस बोधप्रद आणि पालकांस विचार करावयास लावणारे आहे, म्हणून ते आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

राबी यांचा जन्म २९ जुलै १८९८ रोजी रिमानोव्ह नावाच्या लहानशा गावी झाला. हे गाव त्या काळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातील गॅलिशिया प्रांतात मोडत असे. आज ते पोलंड देशात आहे. कुटुंब ज्यू धर्माचे, सनातनी वृत्तीचे आणि अत्यंत गरीब होते. मूल तान्हे असतानाच वडील डेव्हिड हे पोटासाठी अमेरिकेस गेले, आणि काही महिन्यांनी आईही मुलास घेऊन त्यांच्या मागोमाग न्यूयॉर्क शहरी पोचली. तेथे परदेशी गरिबांच्या दाट वस्तीत दोन खोल्यांचे त्यांचे बिऱ्हाड होते. वडील कपडे शिवण्याच्या कारखान्यात राबत आणि घरी यिडिश भाषा बोलत. मुलाचे खरे नाव इस्रायल, लाडाचे नाव इझी. शाळेत नाव घालतेवेळी त्या लाडक्या नावाचा कोणी भलताच अर्थ केला आणि पटावर इसिडोर असे लिहिले गेले. ही चूक पुढे कोणी दुरुस्त केली नाही, आणि जगात तेच नाव रूढ झाले.

राबी यांच्या आईस शाळेचे शिक्षण लाभलेले नव्हते. तथापि मुलाच्या मोठेपणाचे श्रेय राबी स्वतः तिलाच देत असत. त्या वस्तीतील इतर आया मुले शाळेतून परतली म्हणजे आज काय शिकलास असे विचारीत. राबी यांची आई मात्र आज चांगला प्रश्न विचारलास काय, एवढेच विचारी. उत्तर पाठ करणे हे एक काम, आणि नेमका प्रश्न शोधून काढणे हे दुसरे काम; त्या दोहोंतील दुसरे अधिक कठीण आहे, हे त्या माउलीने न शिकता ओळखले होते. राबी यांच्या पुढील सर्व आयुष्याचे बीज आम्हांस या एका प्रश्नात दिसते.

१९०७ साली हे कुटुंब ब्रुकलिन भागात राहावयास गेले व तेथे त्यांनी किराणा मालाचे लहानसे दुकान घातले. जवळच सार्वजनिक वाचनालय होते. मुलाने विज्ञानाच्या कपाटातील पुस्तके आरंभापासून ओळीने वाचावयास घेतली. पुस्तके इंग्रजी वर्णक्रमाने लावलेली असल्यामुळे प्रथम हाती आले ते खगोलशास्त्राचे. सूर्य स्थिर असून पृथ्वी त्याच्याभोवती फिरते, हा कोपर्निकसचा सिद्धान्त त्यात वाचून तो इतका हर्षित झाला की आकाशातील घडामोडींस इतके सोपे कारण असेल तर ईश्वराची गरज ती काय, असे तो घरी येऊन बोलून गेला. सनातनी आईवडिलांस ते ऐकून काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. पुढे वयाबरोबर विचारही पालटले. पदार्थविज्ञानाने आपणास ईश्वराच्या अधिक जवळ नेले, असे ते उत्तरायुष्यात सांगत असत.

ज्यू मुलांचा तेराव्या वर्षी आपल्याकडील मुंजीसारखा एक धर्मविधी होत असतो. त्या प्रसंगी मुलाने धर्मग्रंथावर भाषण करावे, अशी प्रथा आहे. राबी यांनी त्या दिवशी जमलेल्या आप्तेष्टांपुढे विजेचा दिवा कसा पेटतो, या विषयावर यिडिश भाषेत व्याख्यान दिले. प्राथमिक शाळेत असतानाच त्यांनी बिनतारी यंत्राच्या एका भागाविषयी लहानसा लेख लिहून तो एका नियतकालिकात छापूनही आणला होता.

१९१६ साली शिष्यवृत्तीच्या बळावर ते कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाले. आरंभी त्यांनी विद्युत अभियांत्रिकी घेतली व नंतर ती सोडून रसायनशास्त्र घेतले. आमच्या सावनेरात नाटककार राम गणेश गडकरी यांनी ज्या वर्षी देह ठेवला, त्याच १९१९ साली राबी पदवीधर झाले. परंतु पदवी हाती आली तरी नोकरी हाती येईना. त्या काळी अमेरिकेतील रासायनिक कारखाने आणि विद्यापीठे या दोहोंचीही दारे ज्यू तरुणांस बहुतांशी बंद असत. काही दिवस प्रयोगशाळेत पदार्थांचे पृथक्करण करावे, काही दिवस जमाखर्चाच्या वह्या लिहाव्यात, असे तीन वर्षे चालले. गुणवान मनुष्य केवळ जन्मामुळे बाहेर ठेवला गेला, तर त्यात त्याचे नुकसान होतेच, पण समाजाचे त्याहून अधिक होते. राबी त्या वह्यांतच गुंतून पडले असते, तर जगाने काय गमावले असते हे जगास कधी कळलेही नसते.

१९२२ साली ते पुन्हा कॉर्नेल येथे शिकावयास गेले. रसायनशास्त्रात आपणास जे जे आवडते ते वास्तविक पदार्थविज्ञान होय, हे तेथे त्यांच्या ध्यानात आले. याच सुमारास हेलन न्यूमार्क नावाच्या विद्यार्थिनीशी त्यांची ओळख झाली. ती न्यूयॉर्कची राहणारी. तेव्हा तिच्या सहवासासाठी त्यांनी कॉर्नेल सोडून न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ जवळ केले. निर्वाहासाठी ते शहरातील एका महाविद्यालयात शिकवीत आणि उरलेल्या वेळात संशोधन करीत.

मार्गदर्शकांनी सुचविलेला विषय त्यांच्या मनास रुचला नाही. विख्यात शास्त्रज्ञ लॉरेन्स ब्रॅग यांनी एका व्याख्यानात काही क्षारांच्या स्फटिकांचे विद्युत्-गुण वर्णिले होते. त्याच स्फटिकांचे चुंबकीय गुण आपण मोजावेत, असे राबी यांनी ठरविले. असे मोजमाप करण्याच्या तत्कालीन रीतीत स्फटिक कापावा, घासावा, त्यास नेमका आकार द्यावा आणि मग चुंबक त्यास किती जोराने ओढतो हे मोजावे, असा मोठा खटाटोप असे. राबी यांना या खटाटोपाचा मनापासून कंटाळा होता. मॅक्सवेल यांचा विद्युत् व चुंबकत्व यांवरील जुना ग्रंथ वाचता वाचता त्यांना एक युक्ती सुचली. त्यांनी स्फटिक घासला नाही की कापला नाही. तो जसाच्या तसा काचेच्या तंतूस लावून चुंबकाच्या ध्रुवांमध्ये एका द्रावणात टांगला. मग ते त्या द्रावणातील चुंबकीय क्षाराचे प्रमाण हळूहळू बदलीत गेले. चुंबक चालू केला असताही स्फटिक जागचा हलेनासा झाला, म्हणजे स्फटिक आणि द्रावण यांचा चुंबकीय गुण समान झाला, हे उघड होते. आता द्रावणाचा गुण मोजला की स्फटिकाचा आपोआप कळला! पुष्कळ दिवसांचे काम त्यांनी सुमारे सहा आठवड्यांत उरकले. १६ जुलै १९२६ रोजी त्यांनी आपला प्रबंध छापावयास धाडला आणि दुसऱ्याच दिवशी हेलनशी विवाह केला. पदार्थास इजा न करता त्याच्याकडून उत्तर मिळवावयाचे, हा त्यांचा स्वभाव या पहिल्याच कामात स्पष्ट दिसतो.

त्या काळी नव्या पदार्थविज्ञानाचे माहेरघर म्हणजे युरोप होते. १९२७ साली राबी पतिपत्नी तेथे गेली. सोमरफेल्ड, बोर, पाउली, हायझेनबर्ग यांसारख्या आचार्यांच्या सान्निध्यात राबी यांनी दोन वर्षे घालविली. परंतु त्यांच्या आयुष्यास वळण लाविले ते हँबुर्ग येथील ऑटो स्टर्न यांच्या प्रयोगशाळेने. स्टर्न व गेर्लाख यांनी १९२२ साली चांदीच्या अणूंची एक बारीक शलाका निर्वात नळीतून चुंबकाजवळून नेली असता तिचे दोन भाग झालेले पाहिले होते. प्रत्येक अणू हा जणू एक लहानसा चुंबकच असून तो चुंबकीय क्षेत्रात ठराविक दिशाच धरतो, असे त्यावरून सिद्ध झाले. या साध्या साधनातून निघालेला तो गहन निष्कर्ष पाहून राबी भारावून गेले. १९२९ साली हायझेनबर्ग यांच्या शिफारशीवरून कोलंबिया विद्यापीठाने त्यांस अध्यापक नेमले, आणि ज्या देशाने त्यांस पूर्वी वह्या लिहावयास लाविले त्याच देशात ते शिक्षक होऊन परतले.

कोलंबिया येथे त्यांनी शलाकांची आपली प्रयोगशाळा उभारली. पैशाची ओढ असे. अशा वेळी त्यांचे सहकारी हॅरल्ड युरी यांनी स्वतःच्या संशोधनासाठी मिळालेल्या रकमेतील मोठा भाग राबी यांस देऊन टाकला. राबी यांस आता अणूच्या आत शिरावयाचे होते. अणूच्या मध्यभागी जे अणुकेंद्र असते, तेही पुष्कळ पदार्थांत एक अतिसूक्ष्म चुंबक असते. त्याचे चुंबकत्व अणूच्या चुंबकत्वाच्या हजारांशाने मोजावे इतके क्षीण. ते अचूक कसे मोजावे, हा प्रश्न होता.

येथे विद्यार्थ्यांनी भोवरा आठवावा. वेगाने फिरणारा भोवरा किंचित कलला म्हणजे पडत नाही. तो फिरता फिरता डुलत राहतो. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेले अणुकेंद्र असेच डुलते. क्षेत्र जितके बलवान तितके डुलणे जलद. आणि क्षेत्र तेच असले तरी निरनिराळ्या मूलद्रव्यांच्या केंद्रांचे डुलणे निरनिराळ्या गतीचे. आता दुसरा दाखला नागपंचमीच्या झोक्याचा. झोक्यास त्याच्या स्वतःच्या तालावर हलके धक्के दिले तर तो आभाळास भिडतो. ताल चुकवून कितीही जोराने ढकलले तरी तो गडबडतो, पण उंच जात नाही. बाहेरच्या धक्क्याचा ताल आणि वस्तूचा स्वतःचा ताल यांचा मेळ बसणे, याचेच नाव अनुस्पंदन. डुलणाऱ्या अणुकेंद्रावर नेमक्या त्याच तालाच्या रेडिओलहरी सोडल्या तर ते लहरींतील ऊर्जा घेऊन आपली दिशा पालटते; ताल थोडाही चुकला तर ते त्या लहरींस ओळखही देत नाही.

सप्टेंबर १९३७ मध्ये कॉर्नेलिस गॉर्टर नावाचे डच शास्त्रज्ञ राबी यांच्या भेटीस आले. घन पदार्थात असे अनुस्पंदन शोधण्याचा त्यांनी यत्न केला होता, पण तो फसला होता. त्यांच्याशी झालेल्या बोलण्यानंतर राबी व त्यांचे सहकारी झकारायस, मिलमन आणि कुश यांनी आपल्या यंत्राची रचना तत्काळ पालटली. लिथियम क्लोराइड हा क्षार तापवून त्याच्या रेणूंची शलाका त्यांनी निर्वात नळीतून सोडली. पहिला चुंबक तीस एका बाजूस वाकवी, शेवटचा चुंबक तीस उलट वाकवून पुन्हा मार्गावर आणी, आणि रेणू टोकाशी असलेल्या शोधकावर येऊन पडत. या दोन चुंबकांच्या मध्ये तिसरा चुंबक आणि रेडिओलहरींची तार होती. लहरींचा ताल कायम ठेवून मधल्या चुंबकाचे बळ हळूहळू बदलीत नेले. एका ठराविक ठिकाणी शोधकावर पडणाऱ्या रेणूंची संख्या एकदम घसरली! त्या ठिकाणी लिथियमच्या केंद्रांनी दिशा पालटली होती, आणि म्हणून शेवटचा चुंबक त्या रेणूंस मार्गावर आणू शकला नव्हता. अणुकेंद्राने विचारलेल्या प्रश्नास उत्तर दिले होते. हा शोध १९३८ च्या आरंभी प्रसिद्ध झाला, आणि त्याबद्दल राबी यांस १९४४ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी या शोधाचा व्यवहारात काही उपयोग होईल असे कोणाच्या मनातही नव्हते. खुद्द राबी यांच्याही नव्हते.

मध्यंतरी दुसरे महायुद्ध पेटले होते. १९४० च्या अखेरीस राबी आपली प्रयोगशाळा सोडून मॅसॅच्युसेट्स येथे गेले आणि रडार यंत्रांच्या संशोधनात एक प्रमुख अधिकारी म्हणून पडले. हिटलरच्या सेनेपुढे युरोप कोसळत असता स्वस्थ बसणे त्यांस शक्य नव्हते. परंतु रॉबर्ट ओपेनहायमर यांनी अणुबाँबच्या कामात आपले उपप्रमुख व्हावे अशी त्यांस गळ घातली, तेव्हा त्यांनी नकार दिला. तीनशे वर्षांच्या पदार्थविज्ञानाचा कळस म्हणजे सर्वनाशाचे एक शस्त्र व्हावे, हे त्यांच्या मनास पटेना. तरी मित्राची संगत त्यांनी अगदीच सोडली नाही. सल्लागार म्हणून ते अधूनमधून तेथे जात. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिला अणुबाँब उडविला गेला, तेव्हा ते तेथे हजर होते. प्रथम यशाचा आनंद आणि मागोमाग अंगावर काटा, अशी आपली अवस्था झाल्याचे त्यांनी पुढे सांगितले. या बाबतीत त्यांचे वर्तन अगदी निर्मळ होते, असे आम्ही म्हणणार नाही. जे काम त्यांनी अंगावर घेण्याचे नाकारले, त्यास सल्ला देण्याचे नाकारले नाही. तथापि आपण केले ते पुरते विसरून जाणाऱ्यांपैकी ते नव्हते. १९४९ साली हायड्रोजन बाँब करावा की काय हा प्रश्न अमेरिकन सरकारच्या सल्लागार मंडळापुढे आला, तेव्हा त्यांनी आणि एनरिको फर्मी यांनी त्यास कडक विरोध लिहून दिला. १९५४ साली ओपेनहायमर यांच्या देशनिष्ठेची चौकशी झाली व पुष्कळांनी तोंड फिरविले, त्या वेळी राबी यांनी मित्राच्या बाजूने निर्भयपणे साक्ष दिली.

अणुविद्या राष्ट्राराष्ट्रांनी लपवून न ठेवता शांततेच्या कामी एकत्र येऊन वापरावी, यासाठी त्यांनी फार खटपट केली. युरोपातील राष्ट्रांनी मिळून एक प्रयोगशाळा काढावी, ही कल्पना त्यांनी १९५० साली फ्लॉरेन्स येथे मांडली, आणि तिचे फळ म्हणजे जिनीव्हाजवळील सर्न ही जगद्विख्यात संस्था होय. १९५५ साली जिनीव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांसंबंधी जी जागतिक परिषद भरली, तीही मुख्यतः त्यांच्याच प्रयत्नाने. त्या परिषदेचे अध्यक्षपद आपल्या मुंबईच्या डॉ. होमी भाभा यांनी भूषविले होते, ही गोष्ट महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी.

आता त्या १९३८ च्या शोधाचे पुढे काय झाले ते पाहू. राबी यांची रीत निर्वात नळीतील विरळ शलाकेस लागू पडे. डोळ्यांसमोरच्या मेणास वा पेल्यातल्या पाण्यास तोच प्रश्न विचारता येईल काय? युद्ध संपताच, १९४५-४६ च्या हिवाळ्यात, हार्वर्ड येथे एडवर्ड पर्सेल व त्यांच्या साथीदारांनी मेणात, आणि स्टॅनफर्ड येथे फेलिक्स ब्लॉख व त्यांच्या साथीदारांनी पाण्यात हायड्रोजनच्या केंद्रांचे अनुस्पंदन पकडले. पर्सेल हे युद्धकाळात राबी यांच्याबरोबर रडारवर काम केलेले होते. या दोघांस १९५२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

लवकरच एक नवल दिसून आले. एकाच मूलद्रव्याची केंद्रे रेणूत निरनिराळ्या शेजाऱ्यांजवळ असली, तर त्यांच्या तालांत बारीकसा फरक पडतो. १९५१ साली स्टॅनफर्ड येथे अरनॉल्ड, धर्मट्टी व पॅकार्ड या तिघांनी साध्या मद्यार्काची परीक्षा केली, तेव्हा त्यातील हायड्रोजनच्या तीन वेगळ्या खुणा उमटल्या आणि त्यांचे प्रमाण एक, दोन व तीन असे आढळले. मद्यार्काच्या रेणूत हायड्रोजनचे अणू नेमके याच प्रमाणात तीन ठिकाणी वाटलेले असतात. म्हणजे पदार्थात काय आहे एवढेच नव्हे, तर ते कोठे व कोणाच्या शेजारी आहे हेही आता बाटली न फोडता सांगता येऊ लागले. या तिघांपैकी श्री. धर्मट्टी हे आपले भारतीय होत. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी या विद्येचा पाया घातला. आज रसायनशास्त्राची आणि औषधांची मोठी प्रयोगशाळा या यंत्रावाचून चालत नाही.

या विद्येचे दुसरे एक भावंड आहे. १९४४ साली रशियातील कझान येथे झावोइस्की यांनी अणुकेंद्रांऐवजी इलेक्ट्रॉनांचे अनुस्पंदन शोधून काढले, आणि त्यासाठी वापरलेल्या क्षारांत मँगनीजचेही क्षार होते. एखाद्या स्फटिकात वा संगमरवरात मँगनीज अगदी लेशमात्र असले, तरी या परीक्षेत ते सहा रेषांची आपली ओळख ठेवून जाते. मात्र खनिजात मँगनीज दाट असेल तर या रेषा एकमेकींत मिसळून जातात. म्हणून आमच्या गुमगावच्या दगडाची प्रत ठरविण्यास ही परीक्षा उपयोगी पडत नाही. प्रत्येक साधनाची एक मर्यादा असते, हेही विज्ञानाच्या विद्यार्थ्याने जाणावे.

शेतकरी पालकांस याहून जवळचा एक उपयोग सांगतो. भुईमूग, जवस, सोयाबीन यांसारख्या दाण्यात तेल किती आहे, हे दाणा न फोडता या रीतीने मोजता येते. तेलातील हायड्रोजन मोकळेपणाने डुलतो आणि आपली साक्ष स्वतंत्र देतो. ज्या दाण्यात तेल अधिक, तोच दाणा मग शेतात पेरता येतो. नवी वाणे काढणाऱ्या संशोधकांस याचा मोठा लाभ झाला आहे.

१९७३ साली पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय क्षेत्र जागोजाग किंचित कमीजास्त करून, कोणता ताल कोठून आला यावरून पदार्थाच्या अंतर्भागाचे चित्र काढून दाखविले. इंग्लंडमध्ये पीटर मॅन्सफील्ड यांनी ही रीत वेगवान केली. या दोघांस २००३ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. मानवी शरीरात पाणी सर्वत्र आहे, आणि पाण्यात हायड्रोजन. दीड टेस्ला बळाच्या यंत्रात हायड्रोजनची केंद्रे सेकंदास सुमारे ६ कोटी ४० लक्ष वेळा डुलतात, आणि त्यांच्याच साक्षीवरून मेंदूतील गाठ वा कण्यातील दुखापत वैद्यांस दिसते. या विद्येच्या मूळ नावात अणुकेंद्राचा उल्लेख होता. पण अणुबाँबमुळे त्या शब्दाची लोकांस एवढी धास्ती बसली होती की रुग्णालयांनी तो नावातून गाळून टाकला. वास्तविक या यंत्रात अणुकेंद्र फुटत नाही, फुटण्याचा संभवही नाही, आणि क्ष-किरणही वापरले जात नाहीत. मोठा चुंबक मात्र असतो. म्हणून लोखंडाची वस्तू जवळ नेऊ नये आणि शरीरात धातूचे उपकरण बसविलेले असल्यास आधी सांगावे, एवढी दक्षता पुरे.

राबी १९६७ साली अध्यापनातून निवृत्त झाले. वर्गातील त्यांची व्याख्याने विस्कळीत असत, असे त्यांचे विद्यार्थीच सांगत. पण त्यांच्या हाताखाली वा सहवासात तयार झालेल्या मंडळींपैकी कितीतरी जणांस पुढे नोबेल पारितोषिके मिळाली. कारण कोणता प्रश्न विचारण्याजोगा आहे आणि कोणता नाही, हे ते संगतीतून शिकवीत. आयुष्याच्या शेवटी ते कर्करोगाने आजारी झाले, तेव्हा वैद्यांनी त्यांस एम. आर. आय. यंत्रात निजविले. यंत्राच्या चकचकीत अंतर्भागात त्यांस आपलाच चेहरा दिसला, आणि आपल्या कामाचे असे काही होईल हे आपण कधी मनात आणले नव्हते, असे ते म्हणाल्याचे सांगतात. ११ जानेवारी १९८८ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, न्यूयॉर्क येथे त्यांचे देहावसान झाले.

विसाव्या शतकाने अणुकेंद्राशी दोन प्रकारे व्यवहार केला. एका वाटेने गेलेल्यांनी त्यास फोडले. त्यातून निघालेल्या आगीत हिरोशिमा व नागासाकी ही नगरे जळाली. दुसऱ्या वाटेने गेलेल्यांनी त्यास त्याच्याच तालावर हलकेच प्रश्न विचारला, आणि त्याच्या उत्तरातून रोग्यास वैद्य आणि शेतकऱ्यास बियाणे मिळाले. दोन्ही वाटांवर बुद्धिमान माणसेच होती. राबी यांनी दोन्ही वाटा जवळून पाहिल्या, आणि त्यांचे नाव आज चिरंजीव आहे ते दुसऱ्या वाटेमुळे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी किती जण पुढे शास्त्रज्ञ होतील हे आम्ही सांगू शकत नाही. परंतु वर्गात न समजलेली गोष्ट उभे राहून विचारण्याचे धैर्य प्रत्येकास अंगी आणता येईल. आणि पालकवर्गास आमची एवढीच विनंती आहे की सायंकाळी मूल घरी आले म्हणजे गुण किती मिळाले हे अवश्य विचारावे. पण त्याबरोबर, आज शाळेत कोणता प्रश्न विचारलास, हेही कधी विचारून पाहावे.